देशोदेशी वाटलेली प्रयोगशाळा

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावहून खोडदकडे वळले की शेतांच्या वर डोकावणाऱ्या जाळीदार तबकड्या दिसू लागतात. ही जीएमआरटी, मीटर तरंगलांबीच्या रेडिओलहरी टिपणारी महाकाय दुर्बीण. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९०च्या दशकात उभी केली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मध्यभागी दाटीने आणि उरलेल्या १६ तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. पाहायला येणारे तबकड्यांचे फोटो काढून परततात. दुर्बिणीचा एक मोठा भाग मात्र त्यांना दिसत नाही, कारण तो जमिनीखाली आहे. प्रत्येक तबकडीपासून मध्यवर्ती इमारतीपर्यंत प्रकाशतंतू पुरलेला आहे. तबकडीने पकडलेला संकेत लेझरच्या प्रकाशावर चढवून या तंतूतून आणला जातो, तिथे तीस संकेतांच्या ४३५ जोड्या एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात आणि तेव्हा कुठे आकाशाचे चित्र तयार होते. १४ किलोमीटर तंतू पार करायला प्रकाशाला सुमारे ७० मायक्रोसेकंद लागतात. तेवढा उशीरही हिशेबात धरावा लागतो. तंतू काढून घेतले तर ३० सुट्या अँटेना उरतील, दुर्बीण उरणार नाही.

प्रकाशीय नेटवर्क आणि ग्रिड संगणन या विषयाची ओळख करून देताना खोडदपासून सुरुवात केली ती मुद्दाम. नेटवर्क हा प्रयोगाच्या उपकरणाचाच भाग असतो, ही या विषयाची मूळ धारणा, आणि खोडदला ती डोळ्यांदेखत पटते. आता तीच लांबी काही हजार किलोमीटरपर्यंत ताणून पाहा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात प्रोटॉन एकमेकांवर आदळतात, आणि त्या टकरींची छाननी मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, कोलकात्याच्या व्हीईसीसीमध्ये, लियॉंमध्ये, शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये चालू असते. तिथेही नेटवर्क उपकरणाचाच भाग आहे. फरक इतकाच की तंतू आता एका संस्थेच्या आवारातून बाहेर पडला. तो समुद्राखालून गेला, परक्या देशांच्या हद्दींतून गेला, त्याच्यावर इतरांची वाहतूक आली, आणि दोन्ही टोकांचे मालक वेगळे झाले. यातून जे प्रश्न उभे राहिले त्यांचा अभ्यास म्हणजे हा विषय. त्यातले काही प्रश्न भौतिकशास्त्राचे आहेत, काही संगणकाचे, आणि सर्वांत अवघड प्रश्न माणसांनी एकमेकांवर भरवसा कसा ठेवायचा याचे आहेत.

आधी काचेविषयी थोडे. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले की काचेच्या तंतूत प्रकाश विझतो तो काचेच्या स्वभावामुळे नव्हे, तिच्यातल्या अशुद्धींमुळे. आणि हा ऱ्हास किलोमीटरमागे २० डेसिबलच्या आत आणता आला तर तंतूतून दूरसंचार शक्य आहे. २० डेसिबल म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरणे. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी ती मर्यादा ओलांडली. आजच्या तंतूत ऱ्हास किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल आहे, म्हणजे काओंच्या उंबरठ्यावरचा तंतू एका किलोमीटरमध्ये जेवढा प्रकाश गमावत असे तेवढा गमावायला आजच्या तंतूला शंभर किलोमीटर लागतात. काओंना २००९ साली नोबेल मिळाले. १९८७च्या सुमारास अर्बियम मिसळलेल्या तंतूतच प्रकाश वर्धित करण्याची युक्ती सापडली आणि मग एकाच तंतूतून वेगवेगळ्या रंगांचे, म्हणजे तरंगलांबींचे, अनेक प्रवाह एकत्र पाठवणे परवडू लागले. या क्षेत्रातले लोक अशा एकेका प्रवाहाला ‘लॅम्डा’ म्हणतात. एका लॅम्डावर सेकंदाला १०० गिगाबिट ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

वाचणाऱ्याला वाटेल, मग अडचण कुठे उरली? एवढा रुंद रस्ता मिळाल्यावर डेटा धावायलाच हवा. तो धावत नव्हता. का, याचा हिशेब स्वतः कागदावर करून पाहावा असा माझा आग्रह आहे. या विषयाचे निम्मे मर्म त्यात आहे.

काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते जिनिव्हा सरळ रेषेतच साडेसहा हजार किलोमीटरहून अधिक, आणि केबल सरळ रेषेत जात नाही. जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, धरू. इंटरनेटवरची फार मोठी वाहतूक टीसीपी नावाच्या नियमांनी चालते. पाठवणारा संगणक काही पॅकेटे सोडतो, पोच येण्याची वाट पाहतो, पोच आली की पुढची सोडतो. पोच यायच्या आत किती डेटा वाटेत असू द्यायचा, त्या मापाला विंडो म्हणतात. टीसीपीच्या मूळ रचनेत विंडोचा आकडा लिहायला १६ बिटांची जागा होती. त्यामुळे विंडो ६५,५३५ बाइटांपलीकडे जात नसे. सेकंदाला दहा फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत ६४ किलोबाइट, म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वापाच मेगाबिट. तंतू दहा गिगाबिटचा असो की शंभरचा, आकडा तोच. रस्ता रिकामा आणि गाडी मात्र रांगत चाललेली.

१९९२ साली मोठ्या विंडोची सोय झाली. तेव्हा पुढचा प्रश्न समोर आला आणि तो अधिक खोल होता. १० गिगाबिटचा मार्ग पूर्ण भरायचा तर त्या १०० मिलिसेकंदांत १२५ मेगाबाइट डेटा वाटेत हवा. १,५०० बाइटांचे एक, अशी सुमारे ८३,३३३ पॅकेटे. यातले एक पॅकेट हरवले की टीसीपी समजतो, वाटेत गर्दी झाली असणार. आणि तो विंडो तत्काळ निम्मी करतो. त्यानंतर प्रत्येक फेरीला एकेक पॅकेट वाढवत तो पूर्वपदावर येतो. ४१,६६६ फेऱ्या, प्रत्येकीला सेकंदाचा दहावा भाग: सुमारे ७० मिनिटे. एका पॅकेटपायी सत्तर मिनिटे! सॅली फ्लॉइड यांनी डिसेंबर २००३च्या आरएफसी ३६४९ या दस्तऐवजात याच स्थितीचा हिशेब दिला आहे: हा वेग टिकवायचा असेल तर ५०० कोटी पॅकेटांमागे फार तर एकदा गळती चालेल. प्रत्यक्षातल्या जाळ्यांकडून ती अपेक्षा करता येत नव्हती.

यातून दोन वाटा निघाल्या आणि दोन्ही आजवर चालू आहेत. एक वाट नियम बदलण्याची. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात तयार झालेला क्यूबिक हा टीसीपीचा प्रकार गळतीनंतर एकेक पॅकेट मोजत बसत नाही, पूर्वीच्या उंचीकडे झपाट्याने चढतो. २००६पासून तो लिनक्समध्ये मूळ निवड म्हणून येतो. लांब पल्ल्याच्या, रुंद मार्गांवरच्या अडचणीतून निघालेला हा उपाय आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही आहे. ग्रिडएफटीपी या साधनाने वेगळी युक्ती केली: एकच फाइल अनेक समांतर प्रवाहांत वाटून पाठवायची, म्हणजे एका प्रवाहाला ठेच लागली तरी बाकीचे चालत राहतात.

दुसरी वाट रस्ताच बदलण्याची. अॅमस्टरडॅम विद्यापीठाचे सीज द लाट यांनी नेटवर्क वापरणाऱ्यांचे तीन वर्ग मांडले: वेबपाने आणि पत्रे पाहणारी असंख्य माणसे, संस्थांमधले मध्यम आकाराचे व्यवहार, आणि मोजक्याच ठिकाणांदरम्यान प्रचंड प्रवाह नेणारे थोडे वैज्ञानिक. हे तिघे एकाच महागड्या राउटरमधून नेले तर पहिल्यांसाठी बांधलेली यंत्रणा तिसऱ्यांना पुरत नाही आणि तिसऱ्यांचा लोंढा पहिल्यांना बुडवतो. तिसऱ्या वर्गाला पॅकेटागणिक पत्ता वाचणारा राउटर लागतच नाही. दोन ठिकाणांमध्ये एक लॅम्डा राखून दिला की पुरे. या विचारातून अॅमस्टरडॅमचे नेदरलाइट आणि शिकागोचे स्टारलाइट यांसारखी प्रकाशमार्ग जुळवून देणारी केंद्रे उभी राहिली आणि २००३ साली रेक्याविक इथे ग्लिफ हा त्यांचा जागतिक गट आकाराला आला. ग्लिफची घडण मला फार मोलाची वाटते. वेगवेगळ्या देशांच्या संशोधन-नेटवर्कांनी आपापले राखीव लॅम्डा एकमेकांना वापरायला देऊ केले आणि एका खंडातला प्रवाह दुसऱ्या खंडापर्यंत अखंड जाऊ लागला.

रस्त्याचे एवढे पुरे. आता त्याच्या टोकांवरच्या संगणकांकडे वळू. विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी यांनी १९८०च्या दशकात काँडोर ही प्रणाली घडवली. सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे रिकामे बसलेले संगणक ती कामाला जुंपत असे. १९९५ साली सॅन दिएगोच्या सुपरकम्प्युटिंग परिषदेत आय-वे या प्रयोगात उत्तर अमेरिकेतली १७ केंद्रे वेगवान जाळ्याने जोडून एकत्र चालवली गेली. त्या अनुभवातून इयान फॉस्टर आणि कार्ल केसलमन यांचे ग्लोबस हे सॉफ्टवेअर पुढे आले आणि त्या दोघांनी संपादित केलेल्या १९९८च्या ग्रंथाने ग्रिड या कल्पनेला चौकट दिली. २००१ साली स्टीव्ह ट्युकी यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी आभासी संघटनेची संकल्पना मांडली. वेगवेगळ्या संस्थांतली, वेगवेगळ्या देशांतली माणसे एका कामापुरती एक संघटना मानायची, आणि प्रत्येक संस्थेने आपला ताबा न सोडता तिला आपल्या संगणकांचा काही वाटा वापरू द्यायचा. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत सखोल कल्पना हीच आहे.

तिची खरी परीक्षा सर्नच्या त्या २७ किलोमीटरच्या बोगद्यातल्या एलएचसी या त्वरकाने घेतली. तिथे प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला चार कोटी वेळा एकमेकांना भेदतात. शोधकयंत्राशेजारचे इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक त्यातले बहुतेक सारे जागच्या जागी टाकून देतात, सेकंदाला हजारभर घटना राखतात. तरीही वर्षाला कित्येक पेटाबाइट साचतात. एवढा डेटा एका जागी ठेवायचा आणि हजारो भौतिकशास्त्रज्ञांनी तिथेच येऊन काम करायचे, हे पैशाच्या आणि राजकारणाच्या दोन्ही अंगांनी शक्य नव्हते. प्रत्येक देशाला आपला पैसा आपल्याच प्रयोगशाळेत, आपल्याच विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी खर्च करायचा होता. म्हणून मोनार्क या १९९०च्या दशकाअखेरच्या अभ्यासगटाने उतरंड आखली. सर्न शून्यावर, त्याखाली मोठी राष्ट्रीय केंद्रे, त्याखाली विद्यापीठांची. डेटा वरून खाली उतरणार, आणि जे काम जिथे डेटा आहे तिथेच होणार. उतरंडीमागे एक गृहीतक होते: नेटवर्क हा सर्वांत अडखळणारा दुवा ठरेल, म्हणून त्याच्यावर भार कमी टाकावा.

प्रत्यक्षात उलटे झाले, आणि मला वाटते हा या विषयाच्या इतिहासातला सर्वांत शिकवून जाणारा प्रसंग आहे. २०१०मध्ये एलएचसीवरच्या मोठ्या मोहिमेला सुरुवात झाली तेव्हा डिस्क भरत होत्या, सॉफ्टवेअर कुरकुरत होते, पण नेटवर्क भक्कम निघाले. सर्न आणि मोठ्या केंद्रांमध्ये एलएचसीओपीएन हे खासगी प्रकाशीय जाळे होतेच. विद्यापीठांच्या केंद्रांसाठी पुढे एलएचसीवन आले. मग उतरंडीची गरज काय? कोणत्याही केंद्राने कोणत्याही केंद्राकडून डेटा घ्यावा, अशी जाळी विणली गेली. एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगातल्या लोकांनी तर आणखी पुढे जाऊन फाइल उचलून आणण्याऐवजी ती दूरच्या केंद्रात असतानाच हवा तेवढा भाग वाचण्याची सोय केली. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कणाचा शोध जाहीर झाला तेव्हा सर्नचे तत्कालीन महासंचालक रॉल्फ हॉयर यांनी त्वरक आणि शोधकयंत्रांच्या बरोबरीने ग्रिडलाही यशाचे श्रेय दिले. आज या ग्रिडमध्ये चाळीसहून अधिक देशांतली सुमारे १७० केंद्रे आहेत. टीआयएफआरचे केंद्र सीएमएससाठी आणि व्हीईसीसीचे अॅलिस प्रयोगासाठी काम करते, आणि एनकेएन या आपल्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्यातून ती जगाशी जोडलेली आहेत.

आता भरवशाकडे येतो. कुलाब्यातली एक विद्यार्थिनी संध्याकाळी हजारभर कामे ग्रिडवर सोडते. त्यातली काही इटलीत चालतील, काही तैवानमध्ये, काही अमेरिकेत. तिथल्या संगणकाच्या व्यवस्थापकाने तिला कधी पाहिलेले नाही. त्याने आपले यंत्र तिच्या प्रोग्रॅमच्या हवाली का करावे? त्यासाठी ती काम सुरू करण्याआधी एक आज्ञा देते आणि तिच्या प्रमाणपत्रावरून एक अल्पायुषी प्रमाणपत्र तयार होते. सर्वसाधारणपणे त्याचे आयुष्य १२ तासांचे. मूळ प्रमाणपत्र मिळवताना ती एका नोंदणी अधिकाऱ्यासमोर उभी राहिलेली असते, तिने ओळखपत्र दाखवलेले असते. भारतात हे प्रमाणपत्र देण्याची यंत्रणा सी-डॅकने चालवली. त्या यंत्रणेचे नियम अशा यंत्रणांच्या आशिया-प्रशांत मंडळाने तपासायचे, आणि ते मंडळ युरोप व अमेरिकेतल्या मंडळांशी २००५ साली एका महासंघात बांधले गेलेले. पुण्याच्या पेठेतल्या सावकाराने लिहिलेली हुंडी काशीत वटत असे ती अशाच साखळीच्या जोरावर. अलीकडे प्रमाणपत्रांची जागा टोकन नावाची हलकी साधने घेत आहेत. साखळी मात्र तीच आहे. या सगळ्याच्या मुळाशी देशोदेशींच्या अनुदानसंस्थांनी सह्या केलेला करार आहे, आणि दरवर्षी कोण किती संगणक, किती डिस्क, किती टेप देणार हे त्यानुसार लिहून दिले जाते.

म्हणूनच ‘क्लाउड आला, ग्रिड संपले’ हे अधूनमधून ऐकू येणारे विधान मला पटत नाही. क्लाउडवर एक मालक असतो आणि आपण गिऱ्हाईक असतो. ग्रिडमध्ये सगळेच थोडे मालक आणि सगळेच थोडे गिऱ्हाईक. तंत्रे परस्परांकडून उचलली गेली आहेत आणि उचलली जावीत. पण शंभर संस्थांनी आपापला कारभार राखून एक प्रयोग कसा चालवावा, हा प्रश्न कंपनीकडून यंत्रे भाड्याने घेऊन सुटत नाही.

कणभौतिकशास्त्र सोडले तरी क्षेत्र मोठे आहे. रेडिओ खगोलशास्त्रात दूरदूरच्या दुर्बिणींची निरीक्षणे पूर्वी टेपवर भरून विमानाने पाठवत. युरोपातल्या दुर्बिणींनी २००४पासून ती तंतूवरून थेट नेदरलँड्समधल्या ड्विंगेलोच्या केंद्राकडे पाठवून चित्रे घडवायला सुरुवात केली. तरी तंतू सगळीकडे पोचत नाही हेही ध्यानात ठेवावे. एप्रिल २०१७मध्ये एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची निरीक्षणे झाली, त्यांचा डेटा हार्ड डिस्कच्या पेट्यांतूनच बॉन आणि मॅसॅच्युसेट्सला गेला. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्कना तर हिवाळा संपून विमाने सुरू होईपर्यंत थांबावे लागले. गुरुत्वलहरींची गरज आणखी निराळी. तिथे डेटाच्या आकाराहून घाई मोठी. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर अमेरिकेतल्या लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो या शोधकांच्या नोंदी एकत्र करूनच आकाशाच्या सुमारे ३० चौरस अंशांपर्यंत अडवता आली, आणि अकरा तासांच्या आत चिलीतल्या दुर्बिणीला तिचा प्रकाश सापडला. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडियाचा शोधक उभा राहील तेव्हा त्याची उपयुक्तता त्याच्या आरशांइतकीच त्याच्या तंतूवरही अवलंबून असेल. पुण्याच्या आयुकामध्ये ‘सारथी’ हा संगणकसमूह या कामासाठी आधीच चालू आहे.

आपल्याकडे पाया नाही असे मुळीच नाही. सी-डॅकच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘गरुडा’ या राष्ट्रीय ग्रिडने १७ शहरांतल्या ४५ संस्था जोडल्या होत्या. एनकेएनचा कणा रुंद आहे. कच्चा दुवा आहे तो शेवटच्या काहीशे मीटरचा: विद्यापीठाच्या फाटकापासून प्रयोगशाळेतल्या सर्व्हरपर्यंतचा. फाटकाशी गिगाबिट येऊन थांबतात आणि आत कार्यालयीन कामासाठी घेतलेली फायरवॉल, जुना स्विच, कुणी कधी न बदललेली विंडोची मर्यादा यांत अडकतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या ईएसनेटमधल्या अभियंत्यांनी यावर सायन्स डीएमझेड ही मांडणी सुचवली. मोठा डेटा नेणारे सर्व्हर संस्थेच्या सीमेलगत वेगळे ठेवायचे, त्यांना स्वतःचे नेमके सुरक्षानियम लावायचे आणि पर्फसोनार या साधनाने मार्गाची गळती सतत मोजत राहायची. याला लागणारा खर्च नव्या तंतूच्या तुलनेत किरकोळ आहे. लागतो तो माणूस, नेटवर्क आणि विज्ञान या दोन्ही भाषा जाणणारा. असा माणूस घडवणे हे या पुस्तकाचे मुख्य प्रयोजन आहे, आणि तो छत्रपती संभाजीनगरला, कोल्हापूरला किंवा पणजीला घडू नये असे काहीच कारण नाही.

ज्यांचे शिक्षण भौतिकशास्त्राचे त्यांनी काचेचे पहिले प्रकरण भराभर वाचून टीसीपीच्या तिसऱ्या प्रकरणावर वेळ द्यावा. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नेमके उलटे करावे. प्रमाणपत्रे आणि करार यांवरचे प्रकरण कुणीही टाळू नये. काँडोर, पर्फसोनार, डेटाचा ठावठिकाणा ठेवणारे रुसियो, ही सगळी साधने मोफत आणि खुली आहेत. सीएमएसने २०१४पासून आपल्या टकरींचा डेटा टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी मोकळा केला आहे. तो उतरवायला कुणाची शिफारस लागत नाही. सुरुवात मात्र लहान ठेवा. आपल्या महाविद्यालयातला एक संगणक आणि दुसऱ्या शहरातल्या मित्राच्या संस्थेतला एक, यांच्यामध्ये आयपर्फ चालवून वेग मोजा, पिंगने फेरीचा वेळ घ्या आणि दोघांचा गुणाकार करा. वेग बहुधा कागदावर लिहिलेल्या जोडणीपेक्षा बराच कमी येईल. कमी का आला याचा शोध घेताना तिसरे प्रकरण उघडे ठेवा.